सर्वेक्षण नव्हे, पाळत. आणि जागल्या कुणाचा?

नागपूरच्या प्रतापनगरहून एका वाचकांनी विचारलंय: "आमच्या वाचनालयात फोन टॅपिंग, फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं पेगासस सॉफ्टवेअर वगैरे विषयांवर व्याख्यान ठेवलं आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'सरकारी सर्वेक्षण आणि उदासीन समाज' असं छापायचं ठरतंय. सर्व्हेलन्सला सर्वेक्षणच म्हणतात ना? की टेहळणी, निगराणी, पाळत यांपैकी काही?"

सर्वेक्षण नाही. अजिबात नाही. सर्वेक्षण म्हणजे सर्व्हे. घरोघर फिरून नळाला पाणी येतं का, घरात माणसं किती, हे विचारतात ते. साथीच्या रोगांच्या सर्व्हेलन्सला आरोग्य खात्याच्या मराठीत 'रोग सर्वेक्षण' म्हणतात, तिथं ते खपूनही जातं, कारण डास आणि ताप यांना खासगी आयुष्य नसतं. पण तोच शब्द उचलून नागरिकांच्या फोनला लावायचा म्हणजे कहर झाला. सर्वेक्षणवाला दार वाजवून विचारतो, तुम्ही खरं-खोटं काहीतरी सांगता. फोन ऐकणारा विचारत नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे.

आणि हात जोडून विनंती, पत्रिकेवर 'तिसरा डोळा' कुठंही येऊ देऊ नका. चौकात कॅमेरा बसला की आमचे वार्ताहर शहरावर तिसऱ्या डोळ्याची नजर आणून मोकळे होतात. शंकराचा तिसरा डोळा मदनाची राख करायला उघडला होता, विनाहेल्मेटवाल्यांचं चालान फाडायला नव्हे.

बाकीचे तीन झटपट निकालात काढू. टेहळणी बुरुजावरून होते, बाहेरच्या मुलखावर, शत्रूच्या वाटेवर. आपल्याच गावातल्या माणसांकडे तोंड करून जी होते ती टेहळणी नव्हे. निगराणी आपल्याकडे हिंदी बातम्यांतून फार ऐकू येते, आणि १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी असलेल्या शहराला तिचं वावडंही नाही. ती परकी म्हणून मी नाकारत नाही. केसांची 'निगा' आपण राखतो, ती तरी कुठली? फारसी निगाह, म्हणजे नजर. मराठीत येता येता नजरेची काळजी झाली. म्हणूनच निगराणी नको: तिला मायेचा वास येतो. राहिली पाळत. तुम्हाला हवा तो शब्द हाच. ती ठराविक माणसावर असते, संशयापोटी असते, आणि त्याला कळू न देता असते. माझ्या मते तीही 'पाळणे'मधूनच आली, म्हणजे गोपाळ, पाळणाघर आणि कोटपालाचा झालेला कोतवाल ही तिची भावंडं. महाल भागातल्या कोतवालीवरून जाताना हे आठवून पाहा.

एक अडचण मात्र आहे. पाळत कुणावर तरी लागते, तिला 'वर' हवा. आपला कायदाही त्याच समजुतीवर उभा होता. १८८५च्या तार कायद्यातल्या कलम ५(२) खाली फोन ऐकता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याला वेसण घातली. आदेश गृहसचिवाचा हवा, कोणाचं संभाषण ते आदेशात नमूद हवं, दोन महिन्यांनी आदेश संपतो, आणि मुदत वाढवत गेलं तरी एकूण सहा महिन्यांच्या पुढे जायचं नाही. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला, त्यातही ऐकण्याचा अधिकार आहेच. पण २०१३च्या जूनमध्ये अमेरिकेत जे उघड झालं ते या व्याकरणात बसत नाही. तिथं एका मोठ्या फोन कंपनीला गुप्त न्यायालयाचा आदेश होता: सगळ्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज द्या. कोणी कोणाला, कधी, किती वेळ. संशयित कोण, तर सगळेच. याला मी 'सरसकट पाळत' म्हणतो. सरसकट हा शब्द विदर्भात कर्जमाफीच्या मागणीमुळे पोराटोरांना पाठ आहे, समजावून सांगावा लागणार नाही.

आता खरी गंमत. सर्व्हेलन्स हा मुळात फ्रेंच. 'सुर' म्हणजे वर, 'वेये' म्हणजे जागणं, जागं राहून राखण करणं. वर बसून जागणं! फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३च्या मार्चमध्ये गावोगाव 'कोमिते द सुर्वेयांस' नेमल्या. सुरुवातीला काम होतं परक्या माणसांवर लक्ष ठेवण्याचं. त्याच वर्षी सप्टेंबरात संशयितांचा कायदा आला आणि शेजारीपाजारी, ओळखीचेपाळखीचे सगळेच त्या कामात ओढले गेले. इंग्रजीने हा शब्द त्यानंतर उचलला.

आणि या फ्रेंच शब्दाला आपल्या भागात सख्खा जोड आहे: जागल. काटोल-उमरेडकडचा शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाणावर बॅटरी घेऊन बसायचं, रानडुकरं नाहीतर रोही हरभऱ्यात घुसले की डबा बडवायचा, आरोळी ठोकायची. वर बसून जागणं, अक्षरशः. फरक एवढाच की जागलीवरचा माणूस डुकरावर डोळा ठेवतो, पिकावर संशय घेत नाही.

गावगाड्यात हेच काम करणारा जागल्या असे. तो जागायचा म्हणून गाव झोपायचं. हे उलटं झालं की काय होतं, त्याचा नमुना सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२च्या निकालात आहे. उत्तर प्रदेशातला खरकसिंह. दरोड्याच्या गुन्ह्यात १९४१ साली पकडला, पुरावा नाही म्हणून सोडला. तरी पोलिसांच्या दप्तरी नाव चढलं ते चढलंच. मग गावचा चौकीदार, कधी शिपाई, रात्री येऊन दार ठोठावायचे, ओरडायचे, त्याला झोपेतून उठवायचे. म्हणजे जागल्याच लोकांना जागवत सुटला. न्यायालयाने रात्रीच्या त्या घरभेटी रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असंही बहुमताने म्हणून ठेवलं. ते वाक्य पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावी लागली. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हक्क मान्य केला. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी वेगळं निकालपत्रही लिहिलं. व्याख्यात्यांना सांगा, हे श्रोत्यांना आठवून द्या म्हणून. गावचा माणूस म्हटलं की मागच्या रांगाही कान टवकारतात.

जागल्याचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब चुकता करतो. आतल्या गोटातला गैरप्रकार उघड करणाऱ्या माणसाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'व्हिसलब्लोअर'ला, मराठी वृत्तपत्रं 'जागल्या' म्हणतात. मला हा शब्द फार प्रिय. पुण्याच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांना मात्र तो खटकतो: जागल्या हा पाटलाच्या हाताखालचा चाकर, धन्याची लफडी बाहेर काढणारा तो कसा? शिवाय मूळ इंग्रजीत शिट्टी आहे, तेव्हा 'शीळकर' म्हणावं. शीळकर! हे घ्या, गल्लीत पोरीबाळींना त्रास देणाऱ्या टवाळाला अगदी साजेसं आडनाव.

अभ्यासक गावगाडा पुस्तकातून शिकले असावेत. जागल्या चालायचा पाटलाच्या हुकमाने, पण त्याचं पोट भरायचं गावच्या खळ्यावरून, कुणब्यांनी सुगीला घातलेल्या धान्यावर. मीठ गावचं. आणि इथं 'जागणे' आपलं दुसरं अंग दाखवतं, जे फ्रेंच 'वेये'ला या जन्मात जमणार नाही: खाल्ल्या मिठाला जागणे, दिल्या शब्दाला जागणे. डोळे उघडे ठेवणं आणि इमान राखणं, दोहोंना एकच क्रियापद. एडवर्ड स्नोडेनने २०१३ साली फोन-नोंदींची ती कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा तो अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेच्या कंत्राटदाराकडे नोकरीला होता. सरकारने हेरगिरीच्या १९१७च्या कायद्याखाली गुन्हा दाखल केला. मिठाला जागला नाही, हाच मराठीत त्या आरोपाचा अर्थ. पण मीठ कुणाचं? करदात्यांचं. २०१५च्या मे महिन्यात तिथल्याच अपील न्यायालयाने ती सरसकट नोंद-गोळाबेरीज कायद्यात बसत नसल्याचा निकाल दिला. जागल्या पाटलावर ओरडला आणि चोर पाटलाच्याच वाड्यात सापडला, यात व्याकरणाची काय चूक? अभ्यासकांनी उत्तर द्यावं. शीळ घालून दिलं तरी चालेल.

हां, तुमचा 'उदासीन' राहिला. तोही बदला. उदासीन म्हणजे उदास नव्हे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. उद् अधिक आसीन, अलिप्त बसलेला. आणि कौटिल्याच्या राजमंडलात उदासीन हा लेचापेचा नाही. सगळ्या राजांत बलवान, मनात आणलं तर कुणालाही तारील नाहीतर चिरडील, पण भांडणाबाहेर बसलेला. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर परवा फोन ऐकण्याचा विषय काढला तर उत्तर आलं, "आयकू दे ना बाप्पा, माह्या फोनात काय सोनं ठेवलं हाय?" २०१९ साली पेगाससचा इशारा व्हॉट्सॅपने ज्यांना कळवला त्यांत नागपूरचे वकीलही होते, हे सांगितलं. "ते वकील हायेत, आपल्याले काय!" याच गृहस्थांना मागे चौकातल्या कॅमेऱ्यामुळे चालानाचा मेसेज आला होता, तेव्हा अर्धा तास स्वातंत्र्यावर बोलले होते. यांना उदासीन म्हणून कौटिल्याचा बलाढ्य राजा कशाला करता? 'बेफिकीर' लिहा. 'सरसकट पाळत आणि बेफिकीर आपण' असा मथळा होईल. 'समाज' काढलाय तो मुद्दाम. समाज म्हटलं की वाचणारा स्वतःला त्यातून वगळतो. पत्रिकेवर जागा उरली तर खाली 'आपल्याले काय!' हे अवतरणात टाका, आणि मुद्रितशोधकाला बजावून ठेवा, नाहीतर तो त्याचं 'आपल्याला काय' करून ठेवील.