पसंतीक्रमाची यादी भरण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची गुणपत्रिकेची प्रत मिळाली. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटात तुला ९८.४ पर्सेंटाइल आहेत, आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत संगणक शाखेला प्रवेश मिळेल का, एवढेच तू विचारले आहेस. वडिलांचे म्हणणे असे की हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये, जे मिळण्यासारखे आहे तेच यादीत वर लिहावे. लातूरच्या तुझ्या मैत्रिणी मात्र सांगतात की कोणाला तरी याहून कमी पर्सेंटाइलवर तिथे जागा मिळाली होती. या दोन्ही सल्ल्यांच्या मधून वाट काढायची तर थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

आधी तुझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. सीओईपीच्या संगणक शाखेचा खुल्या प्रवर्गातील कटऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा पर्सेंटाइल, ९९.९ च्या पुढे असतो. तुझ्या प्रवर्गातील, म्हणजे इतर मागासवर्गातील मुलींसाठीचा कटऑफ त्याहून खाली असला तरी तो तुझ्या आकड्यापर्यंत उतरत नाही. तेव्हा ती जागा तुझ्या टप्प्याबाहेर आहे असेच धरून चाल. तुला कमी मिळालेला दीड पर्सेंटाइल कागदावर लहान दिसतो, पण २०२५ मध्ये या गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली होती आणि त्या हिशेबाने एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार विद्यार्थी होतात. मात्र त्याच संस्थेत स्थापत्य आणि धातुशास्त्र या शाखांचे कटऑफ संगणकापेक्षा बरेच खाली असतात. त्या शाखांबद्दल तू पत्रात एक अक्षरही लिहिलेले नाहीस, म्हणून त्यांच्याकडे पुढे पुन्हा येईन.

मैत्रिणींच्या सांगण्यात खोटेपणा नसेल, पण त्यांचे मोजमाप चुकते आहे. पर्सेंटाइल म्हणजे तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलच्या पुढे उभी असलेली रांगही बदलते. २०२४ मध्ये या गटात सुमारे तीन लाख विद्यार्थी परीक्षेला बसले होते, म्हणजे ९८.४ च्या पुढे साधारण पावणेपाच हजार जण होते. २०२५ च्या संख्येवर तोच हिशेब केला तर साडेसहा हजारांहून जास्त जण पुढे निघतात. आकडा तोच राहूनही दोन हजारांचा फरक पडतो, आणि नामांकित कॉलेजांच्या बाबतीत दोन हजार हा फार मोठा फरक आहे. म्हणून मागच्या वर्षीचा पर्सेंटाइल आणि यंदाचा पर्सेंटाइल एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नकोस. ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाच्या कटऑफ यादीत प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर राज्य गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. सगळ्यांची नजर कंसाकडे जाते, तू वरचा आकडा पाहा. प्रवेशासाठी नोंदणी केलेल्यांचीच गुणवत्ता यादी लागते, त्यामुळे तुझा प्रत्यक्ष क्रमांक मी वर केलेल्या हिशेबापेक्षा पुढचा, म्हणजे चांगला निघेल. तो क्रमांक हाती येईपर्यंत कोणताही अंदाज कच्चाच समज.

आता या कटऑफ यादीतील रकाने वाचायला शीक, कारण माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक तिथेच झाली होती. काही वर्षांपूर्वी एक मुलगी चार घड्या घातलेली गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. मी पेन्सिलचे टोक खुल्या प्रवर्गाच्या सर्वसाधारण रकान्यावरून खाली नेले, तिचा क्रमांक शेवटच्या क्रमांकाच्या बराच मागे होता, आणि मी तिला सांगितले की या कॉलेजचा विचार सोड. तिने माझे ऐकले आणि ते नाव पसंतीच्या यादीत लिहिलेच नाही. जागावाटप झाल्यावर मी तीच कटऑफ यादी पुन्हा उघडली, तेव्हा शेजारच्या महिलांच्या रकान्यातील शेवटचा क्रमांक तिच्याही मागचा होता. ती जागा तिची होती. मी फक्त एक रकाना उजवीकडे सरकायला हवे होते. तिने मला कधी दोष दिला नाही, पण तेव्हापासून कोणालाही ‘होणार नाही’ असे सांगण्याआधी मी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवतो.

रकान्याच्या सांकेतिक नावातील पहिले अक्षर जी असेल तर तो रकाना सर्वसाधारण आणि एल असेल तर महिलांसाठीचा असतो. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचे अक्षर एच असेल तर त्या जागा गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी, ओ असेल तर अन्य विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आणि एस असेल तर राज्यस्तरावरच्या असतात. तुझे घर बीड जिल्ह्यात आहे, पण बारावी तू लातूरच्या कॉलेजातून उत्तीर्ण झालीस, आणि महाराष्ट्राचा अधिवास असून बारावीही राज्यातच झालेल्या विद्यार्थ्यांचे गृह विद्यापीठ बारावीच्या ठिकाणावरून ठरते. म्हणजे तुझे गृह विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचे नसून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. पुण्यातील ज्या कॉलेजांच्या जागा अशा विभागलेल्या आहेत तिथे तुला ओ हे अक्षर पाहायचे आहे, सीओईपीच्या तक्त्यात एस. चुकीच्या अक्षराखालचा आकडा वाचून हुरळलेली आणि खचलेली, अशी दोन्ही प्रकारची मुले मी पाहिली आहेत.

तुला लागू होणारे रकाने सापडले की एकाच वर्षावर थांबू नकोस. समज, एखाद्या शाखेत तुझ्या रकान्यातील शेवटचा क्रमांक तीन वर्षांत अनुक्रमे ५२००, ६१०० आणि ५७०० असा आहे आणि तुझा क्रमांक ५९०० आहे. अशा वेळी ‘मिळेल’ आणि ‘मिळणार नाही’ ही दोन्ही उत्तरे चुकीची ठरतात. खरे उत्तर एवढेच की तू सीमेवर आहेस आणि ही सीमा हजारभर क्रमांकांनी मागेपुढे होते. तो क्रमांक ३००० असता तर निश्चिंत राहायला हरकत नव्हती आणि ९००० असता तर आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. मोबाइलवरची काही अॅप ‘७० टक्के शक्यता’ असे ठाम उत्तर देतात, पण तीही जुन्याच याद्यांवर चालतात. तीन वर्षांच्या आकड्यांमधले अंतर तू स्वतः पाहिलेस तर त्या टक्केवारीपेक्षा तुला अधिक कळेल.

राखीव आणि महिलांच्या रकान्यांत हे अंतर आणखी वाढते, याचे कारण जागांची संख्या. साठ जागांच्या वर्गात इतर मागासवर्गाला १९ टक्क्यांप्रमाणे अकराच्या आसपास जागा येतात आणि त्यांतील ३० टक्के मुलींसाठी, म्हणजे जेमतेम तीन. मागच्या वर्षीचा त्या रकान्यातील ‘कटऑफ’ म्हणजे प्रत्यक्षात तिसऱ्या मुलीचा क्रमांक होय. तिने ऐनवेळी दुसरे कॉलेज निवडले असते तर तो आकडा शेकड्यांनी बदलला असता. एवढ्या लहान रकान्यावरून पक्का अंदाज बांधता येत नाही, ना निराशेचा ना भरवशाचा. त्याशिवाय गुणवत्तेत बसत असशील तर खुल्या जागेवरही तुझा हक्क आहेच, तेव्हा खुल्या प्रवर्गाचे दोन्ही रकानेही पाहायचे.

यंदाचा जागांचा तक्ता प्रसिद्ध झाला की तोही पाहून घे. गेल्या काही वर्षांत अनेक खासगी कॉलेजांनी संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तुकड्या वाढवल्या आहेत. ज्या शाखेत साठाच्या एकशेवीस जागा झाल्या तिचा जुना कटऑफ फारसा उपयोगी राहत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे कटऑफही वेगवेगळे वाच. आयआयटी किंवा एनआयटीमध्ये प्रवेश घेणारे विद्यार्थी येथील जागा सोडतात आणि त्या रिकाम्या जागा पुढच्या फेऱ्यांत खाली सरकत येतात.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येतो. त्यांची काळजी मला पूर्ण समजते, पण या प्रक्रियेत ती चुकीच्या जागी लागू होते आहे. जागावाटप करताना संगणक गुणवत्ता यादीतील पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो. तुझा क्रमांक आला की तुझा पहिला पर्याय पाहिला जातो. तिथे तुला लागू होणारी जागा शिल्लक नसेल तर दुसरा, मग तिसरा. तुझ्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने तेच कॉलेज पहिल्या पसंतीवर लिहिले म्हणून, तुम्हा दोघांना सारखीच लागू असलेली जागा तुझ्याआधी त्याला दिली जात नाही. म्हणून वर एखादे कठीण कॉलेज लिहिल्याने खालच्या कॉलेजमधील तुझी जागा रेसभरही धोक्यात येत नाही. उलट सोपे कॉलेज वर लिहिण्यात खरा धोका आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली तरी ती गोठेल असा नियम होता. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम कसा दिला आहे ते तू आणि वडील एकत्र बसून वाचा.

यातून माझा सल्ला असा निघतो की यादीचा क्रम फक्त तुझ्या इच्छेने ठरव आणि शक्यतेचा अंदाज यादी किती खाली न्यायची एवढे ठरवण्यासाठी वापर. सीओईपीची संगणक शाखा तुला मनापासून हवी असेल तर ती पहिल्या क्रमांकावर खुशाल लिही. ती मिळणार नाही हे मनाशी पक्के असू दे, तेवढे पुरे. त्याखाली सीमेवरचे पर्याय येऊ देत, आणि जिथे तुझा क्रमांक तीनही वर्षांच्या कटऑफच्या बराच अलीकडे आहे अशी किमान दहा-बारा ठिकाणे सर्वांत खाली असू देत. तीनशे पर्याय लिहिता येतात, मग हात आखडण्याचे कारण नाही. वडिलांना हवी असलेली सुरक्षितता यादीच्या शेवटी असते, आणि ती तिथे आहे हे त्यांना दाखवलेस म्हणजे त्यांची काळजी बरीच कमी होईल.

क्रम इच्छेने ठरवायचा म्हटल्यावर ती इच्छा कशाची आहे हे आधी तपासायला हवे, आणि इथे मी तुला थोडे आग्रहाने विचारतो. तुला संस्था हवी आहे की शाखा? सीओईपीत धातुशास्त्र आणि एखाद्या साधारण खासगी कॉलेजात संगणक, अशी निवड समोर आली तर तू काय घेशील? याचे उत्तर मी देणार नाही, कारण चार वर्षे ते विषय तुला शिकायचे आहेत. धातूंची सूक्ष्मरचना, मिश्रधातू, उष्णताप्रक्रिया यांबद्दल तू दोन दिवस काही वाच आणि मग ठरव. शाखेचे नावही नीट न वाचता केवळ संस्थेच्या नावासाठी तिथे जाऊ नये, आणि केवळ शेजारीपाजारी संगणकाचे नाव घेतात म्हणून ती संस्था नाकारूही नये. यादीत एकही नाव असे असू नये की ते मिळाल्यावर तू तिथे जाणार नाहीस.

शेवटी कागदपत्रांचे सांगतो. तुझ्या राखीव रकान्यातील सगळी शक्यता दोन कागदांवर उभी आहे: जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. दुसरे या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. तहसीलमधून काढलेले जुने प्रमाणपत्र घरात आहे म्हणून वडील निर्धास्त असतील, त्यावरची तारीख आजच पाहा. मुदतीत ते सादर झाले नाही तर तुझी गणना खुल्या प्रवर्गात होईल आणि मी वर लिहिलेले निम्मे हिशेब निरुपयोगी ठरतील. वडिलांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याने इतर मागासवर्गातील मुलींना २०२४ पासून मिळणारी शिक्षण शुल्काची पूर्ण सवलतही तुला लागू होऊ शकते. खर्चाकडे पाहून तू काही कॉलेजे आधीच वगळली असशील तर ती यादीत परत घे.

गुणवत्ता क्रमांक लागला की एका कोऱ्या कागदावर आधी फक्त इच्छेच्या क्रमाने नावे लिही, मग प्रत्येक नावापुढे तुझ्या रकान्यातील तीन वर्षांचे शेवटचे क्रमांक पेन्सिलने मांड आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव. पर्याय भरण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस मोकळा ठेव, त्या दिवशी सर्व्हरवर गर्दी असते. आदल्या संध्याकाळी आपण फोनवर एकेक ओळ वाचू, वडिलांनाही सोबत बसव.

तुझे
सर