रोमा लोकांनी, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्यांच्या वंशजांनी, स्वतः उभी केलेली संघटना वाढते कशी? एखादं उदाहरण आहे का?

ऑस्ट्रियातलं ओबरवार्ट हे छोटं शहर बघा. १९८०च्या दशकात तिथल्या रोमा तरुणांना डिस्कोत आत घेत नसत. त्या संतापातून १९८९ साली 'फेराइन रोमा' उभी राहिली, त्या देशातली रोमांची पहिली संघटना.

ती रुजली मुलांच्या अभ्यासामुळे, असं मला ठामपणे वाटतं. रोमा मुलांना सर्रास मतिमंदांच्या विशेष शाळेत ढकललं जाई. संघटनेने शाळा सुटल्यावर शिकवणी सुरू केली आणि मुलं नेहमीच्या शाळेत टिकू लागली. आईबापांचा विश्वास बसला तो इथे. नुसत्या भाषणांनी तो कधीच बसला नसता.

डिसेंबर १९९३मध्ये रोमांना अधिकृत अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर फेब्रुवारी १९९५मध्ये वस्तीजवळ कुणीतरी फलक लावला: 'रोमांनो, भारतात परत जा'. तो काढायला गेलेले चार जण त्यातल्या बॉम्बने ठार झाले. आपल्या देशाचं नाव असं वापरलं गेलं, हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

संघटना मात्र मागे हटली नाही. शिकवणी चालू राहिली, आणि ग्राझ विद्यापीठाच्या साथीने तोवर केवळ बोलली जाणारी तिथल्या रोमांची बोली लिहिली, शिकवली जाऊ लागली.