धनाग्रावर उणे चिन्ह?

प्रश्न असा आला आहे: ‘ऊर्जा साठवण्यासाठी लवचिक धातू ऑक्साइड संमिश्र विद्युत् अग्र’ हे शीर्षक चालेल का? की ‘लवचिक’ऐवजी ‘स्थितिस्थापक’ म्हणावं? (विद्युत् अग्र म्हणजे इलेक्ट्रोड, वीज ज्यातून पदार्थात शिरते किंवा बाहेर पडते तो भाग.)

‘स्थितिस्थापक’ नकोच. ताण काढला की मूळ आकारावर येतं ते स्थितिस्थापक. इथे न तुटता वाकायचं आहे, म्हणून ‘लवचीक’. तोही दीर्घ ‘ची’चा, ‘लवणे’मधून आलेल्या शब्दाला ‘सामाजिक’च्या पंगतीला का बसवतात? शिवाय तुमच्या शीर्षकात लवचीक झालाय तो धातू! मँगनीज डायऑक्साइड ठिसूळ, त्यातून वीजही धड वाहत नाही. म्हणून तर तो कार्बनच्या कापडावर चढवतात. वाकतं ते कापड. तेव्हा ‘धातू-ऑक्साइड संमिश्राचे लवचीक इलेक्ट्रोड’ असं लिहा.

आता ‘विद्युत् अग्र’. विश्वकोशात आहे, पाठ्यपुस्तकांत आहे, तरी मला साफ अमान्य आहे. अग्र म्हणजे टोक. रुमालासारखी घडी पडणाऱ्या कापडाला कुठलं टोक? 1834 साली इंग्लिश शास्त्रज्ञ फॅरेडेने ‘पोल’ (ध्रुव) टाकून ‘इलेक्ट्रोड’ घेतला, तेव्हाच आपल्याला पृष्ठभाग अभिप्रेत आहे असं लिहिलं होतं. त्यातला ‘ओड’ म्हणजे ग्रीक ‘होडोस’, वाट. ‘ॲनोड’ आणि ‘कॅथोड’ त्याला केंब्रिजच्या ह्यूएल या विद्वानाने सुचवले, आणि त्यामागची कल्पना फार सुंदर आहे. प्रवाह सूर्यासारखा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो असं धरा. वीज रसायनात शिरते ती उगवतीची वाट, ॲनोड. बाहेर पडते ती मावळतीची, कॅथोड. यात धन-ऋण आलं कुठून? आपल्या परिभाषाकारांनी ॲनोडचं ‘धनाग्र’ करून सूर्यच घालवला!

टॉर्चचा जुना जस्त-कार्बन सेल आठवा. मधे कार्बनची कांडी, भोवती काळी पूड (तिच्यात हाच मँगनीज डायऑक्साइड), बाहेर जस्ताचा डबा. टॉर्च लावला की वीज आतल्या रसायनात शिरते ती या डब्यातून, म्हणून तो डबा ॲनोड असतो, आणि त्याच्या बुडाकडे चिन्ह असतं उणे. म्हणजे ‘धनाग्र’ ऋण! विद्यार्थ्याने करायचं काय?

माझ्या मते शब्द हवा ‘मुख’. मुख म्हणजे दर्शनी बाजू आणि मुख म्हणजे आत शिरायची, बाहेर पडायची जागाही. नदीमुख म्हणतोच की आपण. इलेक्ट्रोड ते विद्युन्मुख, ॲनोड उदयमुख, कॅथोड अस्तमुख. माझ्या टिपणवहीत मी गेली कित्येक वर्षं हेच लिहितो.