नव्या वर्षाचा नेम: मुदत आणि खाड्याचा नियम आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मी नीट वाचला. दरवर्षी ३१ डिसेंबरला तुम्ही वहीत पाच गोष्टी लिहिता: रोज तासभर चालणे, ८ किलो वजन उतरवणे, वर्षभरात २४ पुस्तके वाचणे, दरमहा ५,००० रुपये शिल्लक टाकणे आणि मोबाइल कमी पाहणे. संक्रांतीपर्यंत उत्साह टिकतो, फेब्रुवारीत ती वही उघडावीशीही वाटत नाही, आणि आता तुम्हाला शंका येऊ लागली आहे की आपल्या स्वभावातच चिकाटी नसावी. आमच्या भागात सकाळी चालायला जाणाऱ्यांचा एक गट आहे आणि त्यात नव्याने येणाऱ्यांना सुरुवातीचे काही महिने सोबत करण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करत आलो आहे. जानेवारीत येणारी आणि त्यांतून पुढे टिकणारी माणसे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की टिकणारे लोक इतरांपेक्षा अधिक निग्रही असतात असे मुळीच नाही. त्यांनी दोन गोष्टी आधीच ठरवलेल्या असतात: हे किती दिवस करायचे, आणि मधे एखादा दिवस चुकला तर काय करायचे. तुमच्या यादीत या दोन्हींचा उल्लेख नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. आठवड्यानंतर ७७ टक्के, महिन्यानंतर ५५ टक्के, सहा महिन्यांनंतर ४० टक्के आणि दोन वर्षांनंतर १९ टक्के लोक आपल्या संकल्पावर टिकून होते. म्हणजे पहिल्या महिन्यातच जवळजवळ निम्मे गळाले, तेव्हा फेब्रुवारीत वही बंद होणे हा केवळ तुमचा अनुभव नाही. पण त्याच अभ्यासातील दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते. जे दोन वर्षे टिकले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांचा संकल्प मधे किमान एकदा मोडला होता आणि दोन वर्षांत तो मोडण्याची सरासरी १४ वेळा होती. टिकलेल्या माणसांचेही दिवस चुकतात. ते फक्त चुकलेल्या दिवसानंतर परत येतात.

हे सगळे आपल्याकडे नवे नाही. चातुर्मासाचे नेम आठवून पाहा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कोणी कांदा, लसूण आणि वांगे सोडायचे, कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाचायचे, कोणी एकभुक्त राहायचे, तर कोणी जेवताना मौन पाळायचे. या नेमांच्या धार्मिक अंगाविषयी मी येथे काही म्हणत नाही, ज्याने त्याने ते आपल्या श्रद्धेनुसार पाहावे. पण त्यांची बांधणी किती विचारपूर्वक केलेली होती हे पाहण्यासारखे आहे. नेम एकच असे, फार तर दोन. तो पाळला की मोडला याविषयी संध्याकाळी शंका उरत नसे, कारण अध्याय एक तर वाचलेला असतो किंवा नसतो. त्याला शेवट असे, आणि तो शेवट उद्यापनाने रीतसर साजरा होई. एकादशीच्या दोन दिवस आधी येणारी कांदेनवमी तर मला विशेष वाटते: भजी आणि थालीपीठ करून घरातला कांदा संपवूनच टाकायचा, म्हणजे पुढे चार महिने समोर कांदाच नाही आणि रोज मनाशी झगडण्याचे कारणही नाही. घरातल्या सर्वांना नेम ठाऊक असल्याने स्वयंपाकही त्याला धरूनच होई. आपण १ जानेवारीला जे ठरवतो, त्यात यातले जवळजवळ काहीच नसते. आपण थेट वर्षभराचे बोलतो, खरे तर मनात ‘यापुढे कायमचे’ असेच म्हणतो, आणि ज्या कामाला शेवट नाही त्याचा विसावाही दिसत नाही, म्हणून मन लवकर थकते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की १ जानेवारी ते ३० एप्रिल एवढीच मुदत ठरवा. मे महिन्याचा विचार आज करू नका. चार महिन्यांना आणखी एक आधार आहे. २१ दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते, पण त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, एवढेच त्यांना दिसले होते. रोज पहाटे उठून चालण्याशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एक नवी कृती निवडली होती, आणि ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे त्यातून दिसले. मात्र व्यक्तीव्यक्तींमधला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत इतका मोठा होता, आणि व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा जास्त काळ लागला. चार महिन्यांत बहुतेकांना ती सवय जवळ आलेली दिसते. एखाद्या वेळी कृती हुकली तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासात आढळले.

आता खाड्यांविषयी, कारण बहुतेकांचा नेम येथेच मोडतो. मंगळवारी पाहुणे आले म्हणून चालणे राहिले, बुधवारी त्याची रुखरुख लागली, गुरुवारी ‘आता सोमवारपासूनच नव्याने सुरू करू’ असे ठरले, आणि तो सोमवार मार्चपर्यंत आला नाही, ही कथा मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की ती वेगवेगळ्या माणसांची आहे हेही विसरायला होते. यात नुकसान मंगळवारच्या खाड्याने केले नाही, बुधवार-गुरुवारने केले. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा नियम पाहा. खाते पाच वर्षांचे, ६० हप्त्यांचे असते. एखादा हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया भरून तो पुढे भरता येतो, चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते, आणि तरीही दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करता येते. साठ महिन्यांत माणसाच्या घरी लग्न, आजारपण, नोकरीतला बदल असे काहीतरी होणारच, हे ज्यांनी नियम लिहिले त्यांनी आधीच गृहीत धरले आहे. तुमच्या नेमालाही असाच लेखी नियम हवा. मी नव्या मंडळींना सुचवतो तो असा: एक खाडा माफ, त्याची चर्चाही नको; मात्र लागोपाठ दुसरा खाडा पडू द्यायचा नाही, आणि ज्या दिवशी पूर्ण नेम शक्य नसेल त्या दिवसासाठी त्याचे एक लहान रूप ठरवून ठेवायचे. अर्धा तास चालणे शक्य नसेल तर इमारतीभोवती दहा मिनिटे चालले तरी तो दिवस पाळलेला धरायचा. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचे नाही, कारण दुप्पट चालायचे आहे या विचारानेच दुसरा खाडा पडतो.

नोंद ठेवायला ॲप लागत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहिण्याची पद्धत अनेक घरांत आहे, तेथेच चालण्याचेही लिहा. पाळलेल्या दिवसांवर खुणा करण्याऐवजी फक्त खाडे लिहिले तर काम कमी होते, आणि महिनाअखेरीस किती थोडे दिवस चुकले हे पाहून हुरूप येतो.

आता तुमच्या पाच गोष्टींकडे वळतो. शिल्लक टाकण्याची गोष्ट यादीतून काढा आणि ३१ डिसेंबरच्या आतच उरकून टाका. बँकेत आवर्ती ठेव किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची सोय) सुरू करून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती होईल असा आदेश देऊन ठेवा, म्हणजे दरमहा निग्रह करण्याची गरजच उरत नाही. जे एकदाच ठरवून होते, त्याला रोजचा नेम करणे म्हणजे आपली शक्ती वाया घालवणे आहे. मैत्रिणींच्या भिशीत सहभागी असाल तर तीही उत्तम, कारण तेथे आपला हप्ता चुकला तर दुसरीच्या पाळीला अडचण होते आणि म्हणूनच सहसा कोणी तो चुकवत नाही.

वजनाची गोष्टही खोडावी असे मला वाटते, आणि हे मी आग्रहाने सांगतो. आठ किलो हा परिणाम आहे, ते आज सकाळी उठून करता येईल असे काम नाही. काटा आठवडाभर हलला नाही की मनापासून चालणारी व्यक्तीही खचते, आणि चालून मिळालेली चांगली झोप किंवा जिना चढताना न लागणारी धाप यांच्याकडे तिचे लक्षच जात नाही. चालणे आणि रात्रीचे जेवण लवकर घेणे या कृती तुमच्या हातात आहेत. वजन एप्रिलअखेर एकदा पाहा. आधीपासून काही आजार किंवा औषधे चालू असतील तर सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना मात्र अवश्य विचारा.

‘मोबाइल कमी पाहणे’ यात नेमके काय करायचे तेच लिहिलेले नाही. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एखादी गोष्ट करण्याचा संकल्प घेणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के वर्षअखेरीस स्वतःला यशस्वी मानत होते, तर एखादी गोष्ट टाळण्याचा संकल्प घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. म्हणून टाळण्याचे करण्यात रूपांतर करा: रात्री दहा वाजता फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि उशाशी पुस्तक ठेवायचे. यात तुमची वाचनाची इच्छाही सामावते. २४ पुस्तकांचा आकडा सोडून द्या, कारण आकड्यासाठी माणूस पातळ पुस्तके निवडू लागतो आणि जाडजूड, मनापासून आवडणारे पुस्तक मागे पडते. झोपण्यापूर्वी दहा पाने पुरेशी आहेत.

उरले चालणे, आणि पहिल्या चार महिन्यांसाठी मुख्य नेम म्हणून मी तेच निवडेन. तासभराची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालले तरी तेवढे होते. तुम्ही लिहिले आहे की सकाळी मुलांचे डबे, पाणी येण्याची वेळ आणि साडेआठची बस यांत श्वास घ्यायलाही सवड नसते. मग पहाटे पाचला उठण्याचा हट्ट कशासाठी? पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की ‘अमुक वेळ आली की मी तमुक करीन’ असे वेळ आणि जागा बांधून ठरवले तर ठरवलेले पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन हेच सांगितले. तुमच्यासाठी ते वाक्य असे असू शकेल: ‘संध्याकाळी बसमधून उतरले की घरी न जाता आधी मैदानाला फेऱ्या मारीन.’ घरी पोहोचून चहा घेतल्यावर पुन्हा बाहेर पडणे फार थोड्यांना जमते, म्हणून चालायचे बूट सकाळीच पिशवीत असू द्या. आणि त्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार हे घरात आधी बोलून घ्या. स्त्रियांचे नेम मोडतात त्यामागे आळसापेक्षा हे न झालेले बोलणे अधिक वेळा असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि घरच्या मंडळींनी येथे खरोखर आपला वाटा उचलायला हवा.

सगळ्या नातेवाइकांना आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर सांगण्याची आवश्यकता नाही. मैदानाच्या फाटकाशी तुमची वाट पाहणारी एक मैत्रीण असली तर ती पुरेशी आहे.

वर्षाच्या वाटेवरचे अडथळेही आत्ताच दिनदर्शिका उघडून पाहून ठेवा. तुमच्या मुलीची दहावी आहे, म्हणजे फेब्रुवारी-मार्च ओढाताणीचे; कार्यालयात मार्चअखेरची गडबड; एप्रिलमध्ये उन्हाची काहिली आणि लग्नसराई. परीक्षेच्या दिवसांत नेमाचे लहान रूपच पाळायचे असे आजच लिहून ठेवा, आणि एप्रिलपासून चालण्याची वेळ सूर्यास्तानंतरची करा. हे आधी ठरलेले असले की त्या दिवसांत अपराधी वाटत नाही.

तुम्ही शेवटी विचारले आहे की एवढे करूनही फेब्रुवारीत सारे थांबलेच तर पुढच्या जानेवारीची वाट पाहावी का. अजिबात पाहू नये. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ मधील संशोधनात असे दिसले की नवा आठवडा, नवा महिना, नवे सत्र किंवा वाढदिवस अशा कोणत्याही टप्प्यानंतर माणसे व्यायामासारख्या गोष्टींकडे पुन्हा वळतात. नव्या वर्षाचा दिवस हा त्यांपैकी केवळ एक आहे. आपल्याकडे तर मार्च-एप्रिलमध्ये गुढीपाडवा आहे, पुढे आषाढी आहे, दिवाळीचा पाडवा आहे. जवळचा टप्पा धरा आणि तेथून पुन्हा चार महिने मोजा. आणि नेम ३० एप्रिलपर्यंत नीट चालला, तर त्या दिवशी घरात काहीतरी गोडधोड करून तो रीतसर पूर्ण झाल्याचे सर्वांना सांगा. मग आठवडाभर थांबून, दिनदर्शिकेवरचे खाडे पाहून, पावसाळ्यात हाच नेम घरात योगासनांच्या रूपाने पुढे न्यायचा की वेगळा धरायचा हे ठरवा.