ऑरोराची (अमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरचा डेटाबेस) अ‍ॅक्टिव्हिटी स्ट्रीम (डेटाबेसवर काय चालतं याच्या नोंदींचा प्रवाह) मॉनिटरिंग टूलला हाताने जोडली, जोडणी हिरवी दिसते, पण एकही क्वेरी वाचता येत नाही. काय चुकलं असेल?

ऑरोरा पोस्टग्रेसवर स्ट्रीम सुरू केली, टूलला कायनेसिसच्या (या नोंदी वाहून नेणारी एडब्ल्यूएसची सेवा) स्ट्रीमचं नाव दिलं, नोंदींचा आकडा वाढतोय, पण आत नुसती अगम्य अक्षरं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तुमची जोडणी ठीक आहे. काम अडलंय ते कुलूप उघडताना, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या नोंदी वाचण्याजोग्या करताना. मीही पहिल्यांदा इथेच दोन दिवस अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या वाढत्या आकड्याविषयी. या स्ट्रीममध्ये दर सेकंदाला एक हार्टबीट ('स्ट्रीम चालू आहे' एवढंच सांगणारी नोंद) येतो. डेटाबेसला कोणी हात लावला नाही तरी नोंदी येतच राहतात. त्यामुळे आलेख वर चाललाय म्हणजे देखरेख सुरू झाली, असं धरू नका.

आता नोंद. कायनेसिसमधून जे जेसन (डेटा मांडण्याचा मजकुरी साचा) मिळतं, त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या: एक 'डेटाबेस अ‍ॅक्टिव्हिटी इव्हेंट्स' आणि दुसरी 'की'. दोन्ही बेस६४ मध्ये (डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) असतात आणि दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या असतात. आधी ती 'की' केएमएसकडे (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) पाठवून उघडून घ्यायची. हाती आलेल्या उघड्या कीने, एडब्ल्यूएसचं एन्क्रिप्शन एसडीके (तयार कोडचा संच) वापरून, इव्हेंट्सचा गठ्ठा उघडायचा. आतला डेटा जीझिपने (डेटा लहान करण्याची पद्धत) दाबलेला असतो, तो मोकळा केला की मग वाचता येणारं जेसन दिसतं. बरीच टूल्स ही साखळी स्वतः करतात. तुमचं टूल करत नसेल, तर मध्ये एक छोटं लॅम्ब्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) बसवावं लागेल.

बहुतेकांचं घोडं अडतं ते केएमएसच्या पायरीवर. की उघडताना एन्क्रिप्शन कॉन्टेक्स्ट (कुलूप लावताना जोडलेली ओळख, उघडताना तीच द्यायची) द्यावाच लागतो: ऑरोरासाठी 'एडब्ल्यूएस:आरडीएस:डीबीसी-आयडी' आणि त्यापुढे क्लस्टरचा रिसोर्स आयडी. इथे लोक क्लस्टरचं नाव टाकतात. रिसोर्स आयडी 'क्लस्टर-' ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ असते, ती क्लस्टरच्या कॉन्फिगरेशन टॅबवर सापडते. तुमच्या स्ट्रीमच्या नावाच्या शेवटीही तीच असते, तिथूनच उचला.

एरर नीट वाचा, कारण ती वाट दाखवते. 'इनव्हॅलिड सायफरटेक्स्ट' आली तर बहुधा कॉन्टेक्स्ट चुकलाय. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आली तर परवानगी कमी पडतेय, आणि ती दोन ठिकाणी बघायची: टूलच्या आयएएम रोलमध्ये (कोणाला काय करता येईल हे ठरवणारी एडब्ल्यूएसची ओळख) आणि खुद्द कीच्या पॉलिसीमध्ये. टूल दुसऱ्या अकाउंटमध्ये असेल तर दोन्हीकडे परवानगी हवीच. मात्र वैतागून त्या रोलला केएमएसच्या सगळ्या परवानग्या देऊन टाकू नका. नोंदी कोणी उघडायच्या हे आपल्या हाती राहावं, डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या (डीबीए) नव्हे; स्ट्रीमला आपली स्वतःची की लावावी लागते, एडब्ल्यूएसची डिफॉल्ट की तिथे चालत नाही. टूलला फक्त डिक्रिप्ट द्या, आणि तो रोल डीबीएच्या हाती ठेवू नका. मला ही गोष्ट बाकी सगळ्या सेटिंगपेक्षा मोलाची वाटते.

एक अनुभव सांगतो. मी आधी जिथे होतो तिथे शुक्रवारी संध्याकाळी आमचा वाचणारा प्रोग्राम बंद पडला. सोमवारी सकाळी लक्षात आलं. कायनेसिस डिफॉल्ट सेटिंगमध्ये २४ तासच नोंदी ठेवतं, त्यामुळे शनिवारची नोंद कायमची गेली होती. पुढच्याच महिन्यात ऑडिटरने नेमका तोच शनिवार मागितला, आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून मी नोंदी ठेवण्याची मुदत किमान ७ दिवस करतो आणि इटरेटर एज (वाचणारा किती मागे आहे ते सांगणारा आकडा) या मेट्रिकवर अलार्म लावतो. वाचणारा मागे पडू लागला की हा आकडा चढत जातो. प्रोग्राम पूर्णच बंद पडला तर मात्र हे मेट्रिक येणंच थांबतं, म्हणून अलार्ममध्ये डेटा न आल्यासही इशारा मिळेल असं ठेवा. 'लेटेस्ट' पासून, म्हणजे फक्त नव्या नोंदींपासून, वाचायला सुरुवात केली असेल तर तेही तपासा: चेकपॉइंट (कुठवर वाचलं त्याची खूण) नसताना टूल पुन्हा सुरू झालं, तर मधल्या सगळ्या नोंदी ते ओलांडून जातं. स्ट्रीमवर आधीच दुसरं कोणी वाचत असेल, तर एका शार्डवर (स्ट्रीमचा एक भाग) सेकंदाला ५ वेळाच वाचता येतं, हेही ध्यानात असू द्या.

सगळं जोडून झालं की एक छोटी चाचणी करा. पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसला क्वेरी देण्याचा प्रोग्राम) स्वतःच्या लॉगिनने, दुसऱ्या कोणी टाईप करणार नाही असा मजकूर घेऊन क्वेरी चालवा, समजा सिलेक्ट 'पेरूची फोड ४७'. मग टूलमध्ये तो मजकूर शोधा. कमांड टेक्स्टमध्ये 'पेरूची फोड ४७', सोबत तुमचं यूजरनेम आणि तुमच्या मशीनचा आयपी, असं तिन्ही दिसलं तरच जोडणी झाली म्हणा. दर आठवड्याला ही क्वेरी आपोआप चालावी आणि टूलमध्ये दिसली नाही तर मेल यावा, एवढी सोयही करून ठेवा.

केएमएसची एरर नेमकी कोणती येते ते प्रश्नात जोडा, म्हणजे पुढचं सांगता येईल.