मॉन्ट्रियलला यायचं म्हणतेस, तर हे वाच

तुझा प्रश्न तीनदा वाचला. नवऱ्याला मॉन्ट्रियलमध्ये नोकरी मिळालीय, मुलगी सात वर्षांची आहे, नाशिकचं घर विकायचं की भाड्याने द्यायचं ते ठरत नाहीये. आणि शेवटी विचारलंयस, "ताई, कॅनडा तर मल्टिकल्चरल देश आहे ना? मग आपल्याला आपल्यासारखं राहता येईल, मुलीला जड जाणार नाही, बरोबर ना?" त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसले. व्हिसा, बँक, थंडीचे कपडे हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, ते परत सांगत नाही. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

विमान कॅनडात उतरतं, पण तुझा संसार क्वेबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात मांडला जाणार आहे. हा फरक 2014 साली आम्ही निघालो तेव्हा आम्हाला कोणी सांगितला नाही. टोरांटोत राहणारा दीर म्हणाला, "काही काळजी करू नका, इथे सगळे आपापलं जपून राहतात." ते टोरांटोपुरतं खरं होतं.

ऑक्टोबर 1971 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान, थोरले ट्रुडो, पिएर ट्रुडो, संसदेत म्हणाले की कॅनडाच्या अधिकृत भाषा दोन, पण अधिकृत संस्कृती एकही नाही. पुढे 1988 मध्ये त्याचा कायदाही झाला. आपण तिकडे बसून जो मल्टिकल्चरल कॅनडा ऐकतो, तो हा. पण क्वेबेकच्या फ्रेंच लोकांना तेव्हाच ही गोष्ट खुपली. हा देश उभा करणाऱ्या दोन समाजांपैकी एक आम्ही, आणि आता आम्हाला कालपरवा आलेल्यांच्या रांगेत बसवता, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःची वाट धरली. सगळ्यांनी या, पण मधोमध फ्रेंच भाषा आणि इथली रीत, आणि बाकीच्यांनी त्या भोवती जमायचं. 2025 मध्ये तर त्यांनी कायदाच केला, त्यात आमचा नमुना कॅनडाच्या मल्टिकल्चरल नमुन्यापेक्षा वेगळा आहे असं सरळ म्हटलंय.

हे ऐकून तुला भीती वाटली असेल. मला सुरुवातीला चीड आली होती. मग हळूहळू इथला इतिहास कळत गेला आणि मी गप्प झाले.

1960 पर्यंत मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच, पण मोठे कारखाने, बँका, मोठ्या दुकानांचे मालक इंग्रजी बोलणारे. फ्रेंच माणूस मजूर, नाहीतर कारकून. साहेबाशी फ्रेंचमध्ये बोललं तर "स्पीक व्हाइट", म्हणजे गोऱ्यांची भाषा बोल, म्हणून हिणवायचे. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल. हे वाचताना मला माझे बाबा दिसले. बाबा शाळकरी वयात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना गेलेले. मुंबई आपली, पण मुंबईत पैसा आपला नाही आणि साहेबही आपला नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकतच मी वाढले. 1977 मध्ये रेने लेव्हेकच्या सरकारने इथे भाषेचा कायदा केला, त्याला आजही सगळे 'लुआ सां-अं' म्हणतात, म्हणजे 101 नंबरचा कायदा. बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेतच जातील, दुकानाच्या पाटीवर फ्रेंच असलंच पाहिजे. मी हे फोनवर बाबांना सांगितलं तर ते पलीकडून म्हणाले, "अगं, हे आपल्याकडे 1960 लाच व्हायला हवं होतं!" नातवाला त्याच कायद्याखाली शाळेत काय सोसावं लागत होतं, ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. पुढेही नाही सांगितलं. आता ते नाहीत.

शाळेबद्दल सांगते. तेच तुला हवं आहे आणि तेच मला नीट सांगता येत नाही.

नव्याने आलेल्या मुलांना इथे आधी स्वागतवर्गात बसवतात. मुलं निरनिराळ्या देशांची, वयं वेगवेगळी, आणि सगळ्यांना वर्षभर मुख्यतः फ्रेंच शिकवायचं. कल्पना चांगली आहे, बाई कष्टाळू होत्या, हे आधीच सांगते. माझा मुलगा डोंबिवलीत दुसरीत पहिल्या पाचात असायचा, पाढे तोंडपाठ. इथे पहिले तीन महिने तो वर्गात एक शब्द बोलला नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. वर्गात एक पंजाबी मुलगा होता, त्याच्याशी मधल्या सुट्टीत हिंदीत बोलायचा, तेवढाच काय तो आवाज. एक दिवस त्याच्या डायरीत लाल शाईत दोन ओळी आल्या. रात्री एकेक शब्द फोनमध्ये घालून अर्थ लावला. 'मैदानात दुसऱ्या भाषेत बोलला. कृपया घरी समज द्यावी.' मी त्याला समज दिली. सात वर्षांच्या मुलाला, ज्याला दिवसभरात बोलायला एकच माणूस होता.

मे महिन्यात निळ्या फोल्डरमधून एक कागद आला. तीन परिच्छेद, खाली सहीची रेघ. नवरा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी होता. मुलगा म्हणाला, "आई, मादामने सांगितलंय, उद्या आणायचाच." सहलीचा असेल असं समजून मी सही केली. ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा कळलं की तो कागद त्याला त्याच्या वयापेक्षा एक इयत्ता खाली बसवण्याला आमची संमती होती. मी शाळेत गेले, तोडक्यामोडक्या भाषेत भांडले. त्यांनी शांतपणे फाइल उघडून माझी सही दाखवली. गणितात तो त्या वर्गाच्या पुढे होता, पण गणिताची चाचणीही फ्रेंचमध्येच झाली होती, त्याला प्रश्न कळले नव्हते.

तो आता अठरा वर्षांचा आहे, सेजेपच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडच्या ज्युनियर कॉलेजसारखं. फ्रेंच अशी बोलतो की फोनवर कोणी ओळखणार नाही. त्याला त्या वर्षाबद्दल विचारलं तर खांदे उडवतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती सही येते. निळं पेन होतं, इकडच्या बँकेने फुकट दिलेलं.

म्हणून माझा पहिला सल्ला: मुलीच्या आधी तू फ्रेंच शीक. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालेल, तो तुला सांगेल की इंग्रजीवर भागतं. भागतं त्याचं. शाळा, डे-केअर, दवाखान्याचं काउंटर, शेजारीण, हे सगळं तुझ्या वाट्याला येणार आहे. सरकारचे वर्ग फुकट असतात. नाशिकमध्ये असतानाच सुरू कर, रोज एक तास. 2022 च्या कायद्यानंतर तर नव्याने आलेल्यांशी सरकारी खाती पहिले सहा महिने सोडले तर बहुतेक कामांत फ्रेंचमध्येच बोलतात. दुसरं, तुम्ही वर्क परमिटवर आलात तर मुलीला इंग्रजी शाळेत तात्पुरतं घालायची मुभा मिळू शकते. ती तीन वर्षांपुरतीच. ओळखीच्या दोन घरांनी घेतली आणि पोरं दहाव्या वर्षी फ्रेंच शाळेत जाऊन रडली. सातव्या वर्षी रडणं त्यापेक्षा बरं. हे लिहिताना हात जड झाला, पण खरं तेच आहे.

कागदपत्रांचं एक सांगते, कारण ते कुठल्या संकेतस्थळावर सापडणार नाही. इथे 1981 पासून लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, कायद्यानेच ती माहेरच्या नावाने राहते. माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव, जन्माच्या दाखल्यावर माहेरचं. त्यात मधलं नाव नवऱ्याचं, आणि मुलाचंही मधलं नाव तेच. प्रत्येक खिडकीवर मी हे नव्याने समजावलं आहे. आई आणि मुलगा, दोघांचंही दुसरं नाव एका पुरुषाचं कसं? दोनदा फॉर्म परत आले. जन्माचा दाखला, विवाह नोंदणी, पासपोर्ट यांवरची नावं अक्षराअक्षराने जुळतात का ते तिथेच बघून घे. जुळत नसतील तर तिथेच प्रतिज्ञापत्र करून घे.

पण त्यातलीच एक गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात दवाखान्यात बसले होते. नर्स दारातून हाक मारत होती, "मादाम परांजपे!" कोणी उठेना. तिसऱ्या हाकेला लक्षात आलं की ती मला बोलावतेय. नऊ वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मी उठले आणि तिच्यामागे जाताना डोळे भरून आले, ती घाबरली, तिला वाटलं मला फार दुखतंय.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते, आपल्यासारखं राहता येईल का. घरात, सणासुदीला, कपड्यांत कोणी अडवत नाही. गणपती बसतो, हॉल भाड्याने मिळतो, विसर्जन बादलीत होतं. मॉन्ट्रियलच्या पार्क एक्स्टेन्शन वस्तीत कढीपत्त्यापासून सगळं मिळतं. इथे मल्टिकल्चरलवरून जी भांडणं होतात ती सार्वजनिक ठिकाणची. 2007 मध्ये एरूव्हिल नावाच्या जेमतेम तेराशे वस्तीच्या गावाने, जिथे बाहेरून आलेलं माणूस जवळपास नव्हतंच, बाहेरच्यांसाठी नियमावली काढली. त्यात बायकांना दगडांनी ठेचून मारायचं नाही, असंही होतं. त्यावरून इतका गदारोळ झाला की सरकारने इतिहासकार बुशार आणि तत्त्वज्ञ टेलर यांचा आयोग नेमला. दोघे प्रांतभर फिरले, लोकांचं ऐकलं, आणि 2008 मध्ये म्हणाले की संकट आहे ते मुख्यतः समजुतीतलं. शिक्षकांना धार्मिक चिन्हांची बंदी घाला असं त्यांनी म्हटलं नव्हतं. सरकारने 2019 मध्ये ती घातलीच. सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील, कोणालाही कामावर पगडी, हिजाब, क्रूस चालत नाही. आधीपासून नोकरीत असलेल्यांना सूट, नव्यांना नाही. हे प्रकरण आता कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय.

माझी शेजारीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अकरा भावंडांतली. ती सांगते, पाद्री घरी येऊन तिच्या आईला विचारायचा की यंदा मूल का नाही. शाळा चर्चची, इस्पितळ चर्चचं. धर्म वर्गात नको असं या लोकांना का वाटतं ते तिच्याकडून मला कळलं. आणि तरी या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूला जाऊ शकत नाही. माझा मुलगा ज्या बाईमुळे त्या शाळेत पहिल्यांदा हसला, ती अल्जीरियाची प्रशिक्षणार्थी होती, हिजाब घालणारी. फ्रेंच माझ्या शेजारणीइतकंच सुरेख. तिने त्याला बाजूला घेऊन अंकगणित हिंदुस्थानी पद्धतीने मांडू दिलं, आणि मग फ्रेंचमध्ये बोलायला लावलं. ती पदवी घेऊन बाहेर पडली त्याच वर्षी कायदा आला. ती शेजारच्या ओंटारियो प्रांतात निघून गेली. या समाजाने जे मागितलं ते तिने सगळं दिलं होतं.

भाषेचं मात्र मला वेगळं वाटतं, आणि का ते सांगते. येऊन पाच वर्षं झाली असतील. औषधाच्या दुकानात मी इंग्रजीत बोलत होते. काउंटरवरच्या बाईने फ्रेंचमध्ये विचारलं, "किती वर्षं झाली मादाम तुम्हाला इथे?" मी म्हटलं, पाच. ती काही बोलली नाही. औषध पिशवीत घातलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. बसस्टॉपवर उभी असताना माझे कान तापले होते, कारण ते वाक्य माझं होतं. डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानदाराला मी अगदी असंच विचारलं होतं, "किती वर्षं झाली हो तुम्हाला इथे? अजून मराठी येत नाही?" मागे उभे असलेले लोक मान डोलावत होते. घरी येऊन मी बाबांना अभिमानाने सांगितलं होतं. तो दुकानदार खाली बघून सुट्टे पैसे मोजत राहिला होता, त्याचा चेहरा मला त्या बसस्टॉपवर पहिल्यांदा नीट दिसला.

मराठी यायला हवी ही माझी मागणी मी आजही सोडलेली नाही. या बाईचीही मागणी रास्तच आहे. नव्वद लाखांचा प्रांत, चहूबाजूंनी इंग्रजी, ते धास्तावणार नाहीत तर काय. मी त्यानंतर तीन हिवाळे रात्रीचे वर्ग केले आणि आता त्याच दुकानात फ्रेंचमध्ये बोलते. पण मागणाऱ्याच्या आवाजात काय असतं, ते दोन्ही बाजूंना उभं राहिल्याशिवाय मला कळलं नसतं. त्या दुकानदाराला मी कधी मराठीतला एक शब्द शिकवला नव्हता.

एकटेपणाबद्दल विचारलंयस. येतो. दोन हिवाळ्यांत सवय होते. चालायला जात जा.

मुलीच्या मराठीचं विचारलं नाहीस, पण ते मी सांगणार. शाळेत आम्हाला सांगितलं होतं की घरी शक्य तितकं फ्रेंच बोला. मी ऐकलं, कारण मला वाटलं त्याचं भलं होईल. त्याची मराठी आता सात वर्षांच्या मुलाची आहे, तिथेच थांबलेली. आजीशी बोलताना "मला भूक लागली" म्हणू शकतो, पण नापास झाल्यावर काय वाटलं ते मराठीत सांगू शकत नाही. ते तो मला फ्रेंचमध्ये सांगतो आणि मला अर्ध्याहून थोडं जास्त कळतं. तू घरी मराठीच बोल. फ्रेंच शाळा शिकवते, ती येतेच.

घर विकू नका, भाड्याने द्या. आणि आल्यावर शाळेतून कुठलाही कागद आला, कितीही साधा दिसला, तरी सही करण्याआधी मला फोटो पाठव. रात्रीचे बारा वाजले असले तरी पाठव, मी वाचून सांगते.