ऑथेल्लोचा रुमाल केरळात गेला तेव्हा

तुम्ही विचारलंय, जुन्या इंग्रजी नाटकावरून प्रादेशिक भाषेत चित्रपट करायचा तर मूळचं काय ठेवावं आणि काय सोडावं? माझ्या मते गावं, पोशाख, संवाद खुशाल सोडावेत. पण माणूस ज्या कोंडीत सापडलाय, ती कोंडी आपल्या मातीत शोधल्याशिवाय पटकथेला हात लावू नये.

यासाठी जयराज यांचा मल्याळम 'कळियाट्टम' (१९९७) नक्की बघा. मूळ नाटक शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो', व्हेनिसच्या कृष्णवर्णीय सेनापतीचं. व्हेनिसला लढायला ऑथेल्लो हवा असतो, पण जावई म्हणून तो चालत नाही. ही कोंडी जयराजना उत्तर केरळच्या तेय्यममध्ये, म्हणजे कलाकार देवाचं सोंग घेऊन नाचतो त्या विधीत सापडली. तिथे तेय्यम करणारे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या खालच्या मानलेल्या जातींतले. अंगावर देव आला की उच्चवर्णीयही त्यांच्यापुढे हात जोडतात. रंग उतरला की माणूस पुन्हा आपल्या पायरीवर. चित्रपटातला कन्नन पेरुमलयन असाच आहे, त्यात तोंडावर देवीचे वण. आणि त्याच्याशी लग्न करते ती गावच्या बड्या घरातली तामरा. मला तर हे कळल्यावर मूळ नाटकच नव्याने उमगलं.

नाटकात ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरणाऱ्या इयागोचा इथे झालाय पनियन. त्याला सेनेतली बढती नको, कन्नन करतो ते तीचामुंडीचं तेय्यम हवंय. तीचामुंडी म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांच्या ढिगावर अंग झोकून देणारा देव. नाटकात बायकोच्या हरवलेल्या रुमालावरून संशय पक्का होतो, त्या रुमालाच्या जागी इथे रेशमी वस्त्र आलंय. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे हरवलेल्या रुमालावरून कुणी बायकोवर संशय घेईल हे पटत नाही. नवऱ्याने दिलेलं रेशमी वस्त्र परक्याकडे दिसलं, तर मात्र काळजात चर्र होतं. सुरेश गोपींना कन्ननच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जयराजना दिग्दर्शनाचा.

मराठीला हे नवं नाही. देवलांचा 'झुंझारराव' १८९० सालचा, म्हणजे ऑथेल्लो आपल्या रंगभूमीवर केव्हाच मराठी बोलू लागला होता.

दुसरा बघाच असा 'जोजी' (२०२१), दिलीश पोत्तन यांचा. हा शेक्सपिअरच्याच 'मॅकबेथ'वरून, सत्तेसाठी राजाचा खून करणाऱ्या सरदाराच्या नाटकावरून सुचलेला आहे. चेटकिणी नाहीत, राजवाडा नाही. आहे तो मळ्यातला एक बंगला आणि मुलांना धाकात ठेवणारा बाप. कोरोनाचे दिवस. बाप गेल्यावर लोक जमलेत, धाकटा मुलगा जोजी खोलीत आहे. वहिनी येते आणि त्याला सांगते, मास्क लावून ये.